सावित्रीबाईंच्या चाफ्याचे पाय

राजोडीला नरहरी चुरींच्या वाडीत एक सोनचाफा होता. त्याचा वास वाऱ्यावर बसून थेट बोळिंजपर्यंत जातो, असं राजोडीची माणसं सांगत. बोळिंजची माणसं यावर हसत, पण हसण्याआधी एकदा नाक वर करून बघत. फूल म्हणाल तर उन्हाकडे धरलेल्या सुकेळीच्या, म्हणजे वाळवलेल्या केळ्याच्या रंगाचं, आणि ऐन उन्हाळ्यातसुद्धा झाड कधी फुलावाचून राहिलं नाही. पण ही गोष्ट फुलांची नाही. हे झाड पुढे दुसऱ्यांच्या पायांवर कसं उभं राहिलं आणि ते उभं करणाऱ्या सावित्रीबाई कशा होत्या, हे सांगायचं आहे.

सावित्रीबाई म्हणजे नरहरीभाऊंची बायको. अंगानं थोराड, चाल जड, बोलणं थोडं. एकदा बोलल्या की मात्र तो शब्द मागे घ्यायचा नाही, मग समोर नवरा असो की गावचा पाटील. सकाळी पातीचहाचा, म्हणजे गवती चहाचा पेला हातात घेऊन त्या वाडीत शिरत आणि झाडाझाडाशी थांबत. नरहरीभाऊ थट्टेनं म्हणत, की हिला माणसांपेक्षा झाडं बरी वाटतात, कारण झाडं उलट बोलत नाहीत. बाई ते ऐकून घेत, कारण ते खरंच होतं.

चाफा लावला सासऱ्यांनी. म्हातारा मोठा हौशी. झाडाचा शेंडा वेळच्या वेळी मारून त्यानं ते बुटकंच ठेवलं होतं, फांद्या छातीच्या उंचीवर चहूबाजूंनी पसरलेल्या. पण हौस जितकी मोठी तितका जीव लहान. त्यानं उभ्या जन्मात कुणाला त्या झाडाचं कलम करू दिलं नाही. फुलं वेचायच्या वेळेला तो काठी घेऊन झाडाखाली बसायचा. सावित्रीबाई नवी सून म्हणून आल्या तेव्हा त्यांनी त्या घरात पहिलं पाहिलं ते हेच, फुलांवर उगारलेली काठी. ते चित्र त्यांच्या मनातून कधी पुसलं गेलं नाही.

म्हातारा गेला, दिवसकार्य झालं, आणि सावित्रीबाईंनी वाडीचं बेडं, कुंपणातलं ते आडव्या काठ्यांचं फाटक, सगळ्या रोपवाल्यांना उघडं केलं. त्या वेळी राजोडी, बोळिंज, अर्नाळा या बाजूला घरोघरी रोपं करणारी माणसं होती. मुंबईच्या बंगल्यांना बागा लावून द्यायच्या, कुंड्या पोचवायच्या, यावर कितीतरी चुली पेटत. त्यांना सावित्रीबाईंचा निरोप गेला, की ज्याला या चाफ्याचं कलम हवं त्यानं आपली कुंडी घेऊन यावं. मोबदला काय, तर झाडाला टोपलीभर खत. नरहरीभाऊंनी डोक्याला हात लावला. म्हणाले, बापानं सांभाळलं ते तू गावजेवणाला वाढते आहेस. बाईंनी उत्तरादाखल बेड्याची काठीच काढून चुलीत घातली.

या कलमाला भेटकलम म्हणतात, कारण इथे फांदी रोपाकडे जात नाही, रोप फांदीच्या भेटीला येतं. साध्या चाफ्याचं रोप कुंडीत वाढवायचं. पावसाळ्यात ती कुंडी मोठ्या झाडापाशी आणून लाकडी माचावर ठेवायची. रोपाचं खोड जरासं सोलायचं, झाडाची फांदी जराशी सोलायची, आणि जखमेला जखम लावून केळीच्या सोपटानं घट्ट बांधून टाकायचं. रोप आपल्या मुळावर, फांदी आपल्या झाडावर. हळूहळू दोघांचा सांधा जुळतो. मग सुरीचे दोन घाव. एक रोपाच्या शेंड्यावर आणि एक सांध्याच्या पलीकडे, झाडाच्या बाजूला. फांदी झाडापासून सुटली, रोपाची झाली, की कुंडी उचलून घरी न्यायची.

त्या दिवसाला सावित्रीबाई पाठवणी म्हणत, आणि मग सगळेच म्हणायला लागले. कुणाची कुंडी कुठली हे कळावं म्हणून प्रत्येक जण घरच्या लुगड्याची चिंधी फांदीला बांधी, त्यामुळे पावसाळाभर झाड चिंध्यांनी रंगीत दिसायचं. पाठवणी देवदिवाळीनंतरच करायची, कारण त्याआधी झाडाची फांदी तोडायची नाही, हा सासऱ्यांच्या वेळचा नेम बाईंनी तेवढा ठेवला होता. सुरी चालवायची कुंडीच्या मालकानं, आणि त्या वेळी फांदी हातात धरायची झाडाच्या मालकिणीनं. मग कुंडीला कुंकू लावून निरोप. बोळिंजकडचा ऑगस्टीन पहिल्यांदा कुंडी न्यायला आला, तेव्हा त्याच्या कुंडीला कुंकू लावावं की नाही म्हणून बाईंचं बोट अडलं. तो हसून म्हणाला, "लावा वयनी, कुंडी काय चर्चात मिस्साला जात नाय." तेव्हापासून त्याच्या कुंडीलाही कुंकू लागे.

एकोणीसशे अठ्ठेचाळीस साली मात्र या नेमानंच घोटाळा केला.

ऑगस्टीनला वांद्र्याच्या एका बंगल्याची बाग मिळाली होती आणि साहेबाला फाटकाच्या दोन्ही बाजूंना हाच चाफा हवा होता. दिवाळी झाल्याबरोबर तो सुरी घेऊन आला. सांधे पक्के जुळले होते, ते सावित्रीबाईंनाही दिसत होतं. तरी त्या नाही म्हणाल्या. देवदिवाळी झाल्याशिवाय नाही. ऑगस्टीननं परोपरीनं विनवलं, साहेबाचा माळी थांबणार नाही असं सांगितलं, आणि शेवटी तोंड पाडून निघून गेला. पुढे नोव्हेंबरात वादळ झालं.

त्या वादळाविषयी त्या बाजूची माणसं पुढे कितीतरी वर्षं हलक्या आवाजात बोलत. वाऱ्यानं माड मोडले, कौलं उडाली, केळी आडव्या झाल्या, आणि पहाटे समुद्र पुळण ओलांडून वाडीत आला. सावित्रीबाई ओटीवरून बघत होत्या. लाट नव्हती, गर्जना नव्हती, नुसतं पाणी चालत आलं आणि चाफ्याच्या बुंध्याशी थांबलं. दोन दिवस ते तिथून हललं नाही. माच गुडघाभर उंच होता म्हणून कुंड्या तेवढ्या पाण्याच्या वर राहिल्या.

पाणी ओसरलं आणि वाडीभर खाराची पांढरी साय धरली. रहाटाच्या विहिरीचं पाणी तोंडात धरवेना. गोडं पाणी उरलं ते एकाच ठिकाणी, वरच्या आळीतल्या बावखलात. त्या गोड्या पाण्याच्या तळ्याशी सगळा गाव घागरी घेऊन उभा असायचा. सावित्रीबाईंच्या वाट्याला येई ते पाणी घरात लागून थोडंसंच उरायचं. एवढं पाणी चाफ्याला घातलं तर कुंड्या मरतात, कुंड्यांना घातलं तर चाफा मरतो.

देवदिवाळी आली आणि गेली. पाठवणीला एकही जण फिरकला नाही. ज्याच्या त्याच्या घरावरचं छप्पर गेलेलं, आणि चुरींच्या वाडीत समुद्र शिरला म्हटल्यावर कुंड्या केव्हाच गेल्या असं सगळ्यांनी धरलं होतं. नरहरीभाऊ म्हणाले, अगं, ज्यांच्या कुंड्या त्यांना नाही पडलेली, तू पाणी चाफ्याला घाल, बापाचं झाड आहे.

सावित्रीबाईंचाही चाफ्यावर जीव होता. सासऱ्यांवर राग असला तरी झाडावर त्यांची माया होती, आणि पानांच्या कडा जळताना बघून त्यांना रात्री जेवण जात नसे. पण त्या म्हणाल्या, "चाफा आपला आहे. कुंड्या लोकांच्या आहेत, माझ्या भरवशावर ठेवलेल्या. आपलं मेलं तर आपण रडू. लोकांचं मेलं तर तोंड कुठे लपवू?" आणि घागर त्यांनी माचाकडे नेली. नरहरीभाऊ दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. घागर मात्र तिसऱ्या दिवशी त्यांनीच उचलून आणली.

चाफा वाळत गेला. आधी शेंड्याची पानं गेली, मग मधली. माघ लागला तेव्हा वरच्या फांद्या नुसत्या काटक्या झाल्या होत्या. सावित्रीबाई सकाळी पातीचहा घेऊन निघत, पण चाफ्याच्या बाजूला बघायचं टाळत. खाली वाकून कुंड्यांना पाणी घालायचं आणि परत यायचं. डोळे वर न्यायचे नाहीत.

अशातच एका सकाळी ऑगस्टीन आला. घराचं छप्पर कसंबसं घातलं होतं, रोपं सगळी वादळात गेली होती. कुणीतरी त्याला सांगितलं की चुरीबाईनं तुझ्या कुंड्या जगवल्या आहेत. तो विश्वास न बसून बघायला आला आणि खरंच जगलेल्या बघून खाली मान घालून उभा राहिला. वांद्र्याच्या साहेबानं दुसरी झाडं लावून घेतली होती, तो राग त्याच्या मनात होताच. पण ती कलमं म्हणजे आता त्याचा सगळा धंदा होता. त्यानं सुरी काढली. सावित्रीबाई पुढे झाल्या आणि नेमाप्रमाणे त्यांनी फांदी हातात धरली.

फांदी धरायची म्हणजे कुंडीवरून नजर वर न्यावी लागते. कितीतरी दिवसांनी त्यांनी ती वर नेली.

फांदी हिरवी होती. सांध्याच्या पुढची असायचीच, तिला कुंडीतलं रोप पाजत होतं. पण सांध्याच्या मागे, वाळल्या झाडाच्या बाजूलाही ती हिरवी होती आणि तिथे लाल-पोपटी कोंब फुटले होते. सावित्रीबाईंनी बोट ठेवून ती हिरवाई मागे मागे नेली. ती बुंध्याच्या अगदी जवळ जाऊन संपली. मग त्यांनी दुसरी चिंधीची फांदी पाहिली, मग तिसरी. झाडाभोवती एक फेरी झाली. जिथे चिंधी तिथे हिरवं. जिथे चिंधी नाही तिथे काटकी. खाली मुळं खारानं मेली होती, आणि वर परक्यांच्या कुंड्या त्या झाडाला हातचं काही राखून न ठेवता जगवत होत्या. लेकरं आईला पाजत होती.

 इतकी वर्षं झाडांत काढली, पण असं काही सावित्रीबाईंनी ऐकलंही नव्हतं. आपण पाणी लोकांच्या कुंड्यांना घातलं आणि ते आपल्याच झाडाला पोचलं, हे मनात उतरलं तेव्हा त्यांना बसावंसं वाटलं. पण फांदी हातात होती. त्यांनी ऑगस्टीनला काही समजावलं नाही. त्याचं बोट धरून हिरवाईवरून मागे नेलं, आणि जिथे ती संपली तिथे सोडलं.

ऑगस्टीन झाडातला माणूस. त्याला दुसऱ्यांदा दाखवावं लागलं नाही. त्यानं छातीवर क्रूसाची खूण केली. 

"कापली तर?" त्यानं विचारलं.

"तुझी कुंडी, तुझा हक्क," सावित्रीबाई म्हणाल्या. "मी फांदी धरलेली आहे. दिवाळीला मी तुला अडवलं, आता अडवणार नाही."

त्यांनी फांदी सोडली नाही. ऑगस्टीननं सुरी सांध्यामागे टेकवली. ही फांदी झाडाची सगळ्यात जाड फांदी होती, ती गेली तर झाड तगणार नव्हतं, आणि मग बाकीच्या कुंडीवाल्यांनाही आपापली नेण्यावाचून इलाज नव्हता, हे त्यालाही कळत होतं. मग त्यानं सुरी उचलली, वर नेली आणि आपल्या रोपाचा शेंडा तेवढा उडवला. दोन घावांतला एक घातला, दुसरा घातलाच नाही. म्हणजे आता ते रोप स्वतःसाठी वाढणार नव्हतं. त्याचं मूळ त्या फांदीचं झालं होतं, कायमचं. सुरी मिटून त्यानं खिशात टाकली आणि सावित्रीबाईंना विचारलं, की आता याला जमिनीत कसं उतरवायचं.

प्रश्न खरा होता. कुंडीत किती दिवस काढणार? आणि जमीन तर खारी. सावित्रीबाईंनी सगळ्या कुंडीवाल्यांना बोलावलं. काही जण आढेवेढे घेत होते, एकदोघांनी आवाजही चढवला. पण ऑगस्टीनची फांदी जागेवर बघून कुणाची सुरी निघाली नाही. खाडीकडचा जयराम भातशेती करणारा, त्याची इथे कुंडी नव्हती, बैलगाडी होती. तो म्हणाला, "खार काय जन्माचा नसतो. एका पावसाचं पानी त्याला धुऊन नेतं. तोवर त्यावर गोडी माती टाका नि मुळं तीत ठेवा." गोडी माती म्हणजे बोळिंजच्या गावतळ्याचा गाळ. उन्हाळ्यात तळं आटलं की तो हवा तेवढा. पण तळं सरकारी, आणि त्या वर्षी गाळ द्यायचा तो फक्त शेतीला, असा हुकूम होता. फुलझाडं म्हणजे शोभा आणि रोपं म्हणजे हौस, असं कचेरीत धरलेलं. वादळाची मदतसुद्धा माडाला मिळाली, भाताला मिळाली, रोपवाल्याला मिळाली नव्हती.

नरहरीभाऊ कचेरीत जाऊन भांडून आले आणि घसा बसवून घेऊन परतले. मग मामलेदार अर्नाळ्याचं नुकसान पाहायला आले असताना सावित्रीबाई रस्त्यात उभ्या राहिल्या आणि त्यांनी एवढंच सांगितलं, की साहेब, परत जाताना आमचं एक झाड बघून जा. भला माणूस होता, आला. त्यालाही बाईंनी फांदीवरून बोट फिरवून दाखवलं. वरचं काटक्यांचं झाड, खालचा हिरवा घेर, चिंध्या, कुंड्या, सगळं बघून त्यानं डोक्यावरची टोपी काढून काखेत धरली. जवळच्या फांदीला एक फूल आलं होतं, ते तो नुसतं बघत राहिला. शेवटी म्हणाला, "बाई, एका घराच्या बागेसाठी मला सही करता येत नाही. पण तुम्ही इतके जण आहात. एक होऊन मागा, मग मला नाही म्हणता येणार नाही."

असा राजोडी-बोळिंजच्या रोपवाल्यांचा संघ झाला. दुसरं काही सामाईक नव्हतं, मरायला टेकलेलं एक झाड तेवढं सगळ्यांचं होतं. गाळ मिळाला. जयरामनं तो गाडीनं ओढला, बायकांनी टोपल्यांनी वाहिला. प्रत्येक कुंडीखाली उंचवटा केला, कुंड्या फोडल्या आणि मुळं गोड्या मातीत उतरवली. प्रत्येकानं आपापल्या रोपाचा शेंडा आपल्या हातानं उडवला. पाऊस आला, खार धुऊन गेला. संघ मात्र मोडला नाही. पुढे रोपवाल्याला शेतकरी म्हणा म्हणून तो कचेरीत भांडला, स्टेशनावर कुंड्या आडव्या टाकू नका म्हणून भांडला, आणि दर वेळी पुढे उभ्या असायच्या त्या सावित्रीबाई, थोडं बोलणाऱ्या.

वर्षं गेली. रोपांची खोडं मनगटाएवढी झाली, मग दंडाएवढी. फांद्या एकमेकींत गुंतून घेर भरून आला आणि फुलं पुन्हा त्याच रंगाची वेचली जाऊ लागली. मधला बुंधा मात्र पोकळ होत गेला. वाळवी लागली. एखाद्या पावसाळ्यात तो कोसळला असता तर सगळा घेर ओढून खाली आला असता. तो काढायलाच हवा होता. पण काढल्यावर बाकीचं उभं राहील, असं छातीठोक सांगणारा कुणी नव्हता.

सावित्रीबाईंनी दिवस धरला देवदिवाळीनंतरचा. सगळी घरं आली. इतकी वर्षं झाडाची मालकीण फांदी धरत होती आणि कुंडीवाला कापत होता. त्या दिवशी उलट झालं. ज्यानं त्यानं आपापली फांदी धरली, आणि करवत घेतली सावित्रीबाईंनी. जयरामला धरायला फांदी नव्हती, तो अवघडून बाजूला उभा होता. बाईंनी त्याला बुंधा धरायला लावलं. मग त्यांनी बुंध्याला कुंकू लावलं, आपल्या लुगड्याची चिंधी फाडून त्याला बांधली, आणि त्यांचा बांध फुटला. ज्या सासऱ्यांचा त्यांनी जन्मभर राग केला, त्यांनी लावलेलं झाड होतं ते. नरहरीभाऊ पुढे झाले आणि करवतीचं दुसरं टोक त्यांनी धरलं.

एकेक फांदी बुंध्यापासून सुटत गेली. शेवटी जयरामनं पोकळ बुंधा दोन्ही हातांनी कवेत घेऊन हलकेच आडवा केला.

"हात सोडा," सावित्रीबाई म्हणाल्या.

कुणी सोडेना. आपल्याच हाताच्या आधारावर ते उभं आहे असं प्रत्येकाला वाटत होतं. पहिला हात सोडला ऑगस्टीननं. मग एकेकानं. वाऱ्याची एक झुळूक समुद्राकडून आली, सगळा घेर जरासा हलला आणि थांबला. झाड उभं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सावित्रीबाई परडी घेऊन फुलं वेचायला गेल्या. सवयीनं बुंध्याशी परडी टेकवायला गेल्या तर बुंधा नव्हता, मोकळी गोल जमीन होती. त्या तिच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. चहूबाजूंनी दुसऱ्यांची खोडं होती आणि डोक्यावर त्यांचा चाफा फुलला होता. इतकी वर्षं त्या झाडाला फेऱ्या घालत होत्या. त्या दिवशी पहिल्यांदा त्या झाडाच्या आत उभ्या होत्या.